खिळ्यावरचा कप

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीला थोरल्या भावाकडे, म्हणजे आमच्या अण्णांकडे, चार दिवस राहून आले. अण्णा पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. माणूस हिशेबाचा. बोलणे मोजके, वागणे सरळ. मी सातारची, प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी केलेली, त्यामुळे बोलण्याची सवय मला जास्त. आम्हा भावंडांच्या स्वभावातला हा फरक लहानपणापासूनचा आहे. तो का पडला, याचा उलगडा मात्र मला या वयात, एका इंग्रजी चित्रपटाच्या निमित्ताने झाला. तो प्रसंग वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे चार शब्द.

अण्णांचा मुलगा, माझा भाचा, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तोही मुलाबाळांसह आला होता. रात्रीची जेवणे झाल्यावर तो म्हणाला, "आत्या, आज सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघू. घरातल्या गोष्टींवरचाच सिनेमा आहे." त्याने मोबाईल टी.व्ही.ला जोडला आणि 'बिग फिश' नावाचा चित्रपट लावला. बिग फिश म्हणजे मोठा मासा. डॅनियल वॉलेस नावाच्या अमेरिकन लेखकाच्या १९९८ सालच्या कादंबरीवरून टिम बर्टन या दिग्दर्शकाने तो २००३ साली काढला. आम्ही म्हाताऱ्या माणसांनी इंग्रजी संवाद किती समजून घ्यावेत? पण भाचा अडेल तिथे चित्रपट थांबवून मराठीत सांगत होता, त्यामुळे सारे कळले. दोन तासांच्या चित्रपटाला तीन तास लागले, एवढेच.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एडवर्ड ब्लूम नावाचा एक फिरता विक्रेता असतो. आपल्या आयुष्याच्या तो अचाट गोष्टी सांगतो. काचेच्या डोळ्यात माणसाचे मरण दाखवणारी चेटकीण, घराएवढा उंच राक्षस, जिथे सारे लोक अनवाणी राहतात आणि जोडे तारेवर टांगलेले असतात असे गाव, एका धडाला दोन डोकी असलेल्या गायिका, आणि ज्याच्या पोटात याची लग्नाची अंगठी गेली तो मोठा मासा. मुलगा लहान असतो तोवर त्याला हे सारे खरे वाटते. मोठा झाल्यावर बाप खोटारडा वाटू लागतो. मुलाच्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही बाप पाहुण्यांना तीच माशाची गोष्ट सांगतो, तेव्हा त्याचा संताप अनावर होतो आणि तीन वर्षे बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. पुढे बाप कॅन्सरने अंथरुणाला खिळतो. मुलगा येतो आणि म्हणतो, एकदा तरी खरे काय ते सांगा. बाप खरे सांगत नाही. शेवटच्या घटकेला तो मुलालाच गोष्ट सांगायला लावतो आणि मुलगा आयुष्यात पहिल्यांदा बापासारखी एक अचाट गोष्ट रचून सांगतो. त्या गोष्टीत बाप नदीत उतरतो आणि मासा होऊन निघून जातो. अंत्यविधीला मात्र गोष्टींतली माणसे खरोखरच येतात. राक्षस म्हणजे एक खूप उंच माणूस असतो. दोन डोक्यांच्या बाया म्हणजे दोन वेगवेगळ्या जुळ्या बहिणी असतात. म्हणजे सारे खोटेही नव्हते आणि सारे खरेही नव्हते.

चित्रपट संपला आणि घरात वादाला तोंड फुटले.

वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "ह्या माणसाने तीन वर्षं सर्कशीत फुकट राबून बायको मिळवली, तिच्या दारात पिवळ्या फुलांचं शेत उभं केलं. चांगलं आहे. पण लग्नानंतर सदा परगावीच की! पोरगं जन्मलं तेव्हासुद्धा घरी नव्हता. बाईने काय गोष्टींवर संसार करायचा?" आम्ही सारे हसलो, पण वहिनींचे म्हणणे खोटे नव्हते. चित्रपटात त्या बाईला फारसे बोलायलाच दिलेले नाही. नवऱ्यावर तिचे प्रेम आहे एवढे दिसते, त्या प्रेमाचा हिशेब कोणी विचारत नाही.

भाच्याचे मत वेगळे. तो म्हणाला, "दिग्दर्शकाचे वडील २००० साली गेले आणि आई २००२ साली. त्यानंतर त्याने हा सिनेमा केला. बापाशी जे बोलायचं राहून गेलं, ते त्याने सिनेमातून बोलून घेतलं. म्हणून मला तो आवडतो." हे सांगताना त्याने अण्णांकडे पाहिले नाही. पण मी पाहिले.

भाच्याची थोरली मुलगी पुण्याला कायद्याचे शिक्षण घेते. ती म्हणाली, "मला सिनेमा आवडला, पण राग आला. हा बाप तरुण होता तेव्हाचं अलाबामा म्हणजे कुठलं अलाबामा? त्याच राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला. त्यानंतर ३८१ दिवस तिथल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. ऊनपावसात पायी चालले. पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे होते तिथे. हा सिनेमा त्याच भागात चित्रित केलाय. मग एवढे राक्षस आणि चेटकिणी सांगणाऱ्या बापाला गावातला खरा राक्षस तेवढा दिसला नाही होय?" थोडे थांबून ती म्हणाली, "आणि एक बघितलंत का? मुलाला त्याच्या जन्माची खरी, साधी गोष्ट सांगतो तो म्हातारा डॉक्टर. खरं सांगणारा तो एक माणूस काळा आहे."

पोरीच्या या बोलण्याने मी चकित झाले. आम्ही नुसता मासा पाहत बसलो होतो, तिने पाणी पाहिले होते.

अण्णा इतका वेळ गप्प होते. मला वाटले, झोप आली असेल. पण ते एकाएकी म्हणाले, "मुलाने शेवटी हात टेकले म्हणून बापाचं खोटं खरं होत नाही." आणि माझ्याकडे वळून विचारले, "आबांच्या कपाची गोष्ट आठवते का गं तुला?"

आठवते म्हणजे काय! ती गोष्ट मी माझ्या वर्गात, सभासमारंभात कितीदा तरी सांगितली आहे. आमचे वडील कालकथित आबा माण तालुक्यातल्या आमच्या गावी बाजाराच्या दिवशी हमाली करीत. पहाटे अंधारात जायचे आणि रात्री दिवेलागणीनंतर यायचे. आले की आम्ही दोघे त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचो आणि आबा सुरू करायचे.

"आज च्या प्यालो बगा हाटेलात. बाकीच्या लोकांचं कप एकात एक ढिगानं पडल्यालं असत्यात. कुनी बी कुनाच्या बी कपातनं पितंय. माझं तसं न्हाई. माझा कप येगळा. वळचणीला खिळ्यावर टांगल्याला. माझ्याबिगर त्येला कुनी हात लावत न्हाई."

"मालक बी न्हाई?" अण्णा विचारायचे.

"मालकाची काय टाप? च्या वततुया, पर लांबनं. कपाला हात लावायची हिंमत न्हाई त्येची."

आम्हा पोरांना कोण आनंद व्हायचा! गोष्ट दर बाजाराला वाढत जायची. कधी तो कप इंग्रज साहेबाच्या बोटीतून आलेला असायचा. कधी आबा वेशीतून आत आले की तो खिळ्यावर आपोआप वाजायचा आणि साऱ्या बाजाराला कळायचे की आबा आले. एकदा तर त्या कपातला चहा कितीही प्याला तरी संपेना आणि आबांनी तो बैलांनाही पाजला. आम्ही हसून हसून लोळायचो. आई मात्र हसत नसे. ती उठून चुलीपाशी जायची आणि विझलेल्या चुलीत उगीच फुंकर घालत बसायची.

त्या कपाचा अर्थ मला चौदाव्या वर्षी आईने सांगितला. वाचकांना तो वेगळा सांगायला नको. १९५५ सालच्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरला होता, तरी वळचणीचा तो खिळा त्यानंतरही कैक वर्षे जागचा हलला नव्हता. आमच्या गावातच काय, महाराष्ट्रातल्या किती गावांत असे कप आणि असे खिळे होते, ते आपल्या वडिलधाऱ्यांना विचारावे. चहा प्यायचा, कप आपला आपण धुवायचा आणि परत खिळ्यावर टांगायचा.

अर्थ कळल्यावर मला रडू आले, पण आबांचा अभिमानही वाटला. केवढा अपमान माणसाने पचवला आणि लेकरांना त्यातून राजेपणाची गोष्ट करून दिली! मी शिक्षिका झाले, मुलांना गोष्टी सांगू लागले, ते आबांमुळेच असे मी सर्वांना सांगत आले. माझ्यापुरती ही गोष्ट तिथे सुंदर रीतीने संपली होती.

अण्णांची तिथे संपली नव्हती. त्या रात्री, सांगलीच्या त्या घरात, साठ वर्षांनी त्यांनी तोंड उघडले.

"मी चौथीत होतो. गुरुजींनी 'माझे वडील' असा निबंध सांगितला. मी काय लिहिणार? कपाची गोष्ट लिहिली. चांगली लिहिली, म्हणून गुरुजींनी मला उभं करून वाचायला लावली. माझ्या वडिलांचा हॉटेलात स्वतंत्र कप आहे, त्याला मालकसुद्धा हात लावू शकत नाही, असं मी मोठ्याने वाचलं. वर्ग हसायला लागला. मला वाटलं, गोष्टीला हसतात. आपण आबांना हसायचो तसे. म्हणून मी आणखी जोरात वाचलं. मग हॉटेलवाल्याच्या नात्यातला एक पोरगा उठला आणि म्हणाला, 'आरं, त्यो महारांचा कप हाय.' गुरुजी काही बोलले नाहीत. खाली बस म्हणाले."

घरात कोणी हूं की चूं केले नाही.

"मी आबांना कधीच सांगितलं नाही," अण्णा म्हणाले. "पण त्यानंतर त्यांची गोष्ट ऐकली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपायचो. त्यांना वाटलं, पोरगं मोठं झालं."

मला आठवले. खरेच, एका बाजारापासून आबांच्या मांडीशी मी एकटीच बसू लागले होते. मला त्याचा आनंदच झाला होता, की आता सारी गोष्ट माझ्या एकटीची! आबा १९८९ साली गेले. तोपर्यंत या बापलेकांत भांडण असे कधी झाले नाही. 'जेवलास का', 'पैसे पाठवले', 'औषध घ्या', एवढे बोलणे होई. चित्रपटातल्या बापलेकांचा अबोला तीन वर्षांचा होता. आमच्या घरातला अबोला पंचवीस वर्षे बोलत बोलत चालला आणि कोणाला कळलाही नाही.

भाचा हळूच म्हणाला, "दादा, पण आजोबांनी तुम्हाला वाचवायलाच केलं ना ते? असाच एक इटालियन सिनेमा आहे, 'लाइफ इज ब्युटिफुल' नावाचा, १९९७ सालचा. नाझींच्या छळछावणीत बाप आपल्या लहान मुलाला सांगतो की हा सगळा एक खेळ आहे, गुण मिळवायचेत आणि शेवटी रणगाडा बक्षीस आहे. मुलगा वाचतो त्यात."

"वाचतो ना," अण्णा म्हणाले. "पण पुढे त्याला कोणी खरं सांगितलं की नाही?"

भाच्याने विचार करून सांगितले, "सांगितलं असणार. कारण ती गोष्ट तोच मुलगा मोठा होऊन सांगतोय. बापाने काय केलं ते त्याला समजलेलं आहे."

"मग? मला कोणी सांगितलं?" अण्णांचा आवाज चढला. "मला वर्गाने सांगितलं. बाबासाहेबांनी १९०१ सालची मसूरची हकीकत लिहिली आहे. वाचली आहेस ना? त्यात कुठे जादू आहे? मुलं नवे कपडे घालून, खुशीत, साताऱ्याहून आगगाडीने वडिलांना भेटायला निघालेली. मसूर स्टेशनवर उतरली. स्टेशनमास्तरने जात विचारली. सांगितल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. कोणी गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडं दिलं, पोरांनी स्वतः गाडी हाकली, आणि गाडीवान बाजूने चालला. जवळ खायला होतं, पण प्यायला पाणी नाही, म्हणून रात्र उपाशी काढली. सगळं जसंच्या तसं लिहिलं आहे. नऊ-दहा वर्षांच्या पोराला काय वाटलं, ते वाचणाऱ्याला कळतं. आपण पुराणं सोडली ती घरात नवी पुराणं रचायला सोडली का?"

अण्णांच्या या प्रश्नाला मला त्या रात्री उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने साताऱ्याला येताना कराडच्या अलीकडे-पलीकडे मी खिडकीतून बाहेर बघत होते. मसूर याच कराड तालुक्यातले. आमच्या या दोन जिल्ह्यांत खरे सांगणाऱ्यांची काही कमी नाही. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी 'तराळ-अंतराळ' १९८१ साली लिहिले. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. बेबीताईंनी तर लिहिलेले कागद कैक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. त्यांनी सोने केले नाही, जे होते ते मांडले. मग माझे आबा चुकले काय? आणि तीच गोष्ट हसत हसत सांगत आलेली मीही चुकले काय?

मनातली ही तळमळ घालवावी म्हणून साताऱ्याला आल्यावर मी तोच चित्रपट आमच्या कॉलनीतल्या चार मैत्रिणींना दाखवला. या वेळी सुनेने मोबाईल जोडून दिला आणि मराठीत सांगायचे काम मी केले. चहा-पोहे झाले आणि मते निघाली.

एकजण सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. ती म्हणाली, "मला तो डॉक्टर पटला. तो मुलाला दोन्ही गोष्टी समोर ठेवतो. तुझ्या जन्माच्या दिवशी तुझा बाप धंद्यासाठी परगावी होता, बाळंतपण नीट झालं, ही खरी गोष्ट. आणि मासा नि अंगठी ही दुसरी. मला विचाराल तर मी दुसरी घेईन, असंही तो म्हणतो. पण आधी खरी सांगतो. पेशंटच्या बाबतीत आम्ही तेच करायचो. धीर द्यायचा, पण आजार लपवायचा नाही."

दुसरी म्हणाली, "मला नाही आवडला. शेवटी सगळे हसत नदीवर जमतात. आमच्याकडे माणूस गेलं की कोण जमतं आणि कोण नाही, ते आम्हाला माहीत आहे." तिने यापुढे काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

तिसरीला मुळात चित्रपट समजलाच नाही. फुलांचा देखावा तेवढा फार आवडला, असे तिने मोकळेपणाने सांगितले. हेही एक मतच आहे.

चौथी सर्वात शेवटी बोलली. ती एरवी फार बोलत नाही. "तुम्ही दोघं भावंडं नशीबवान," ती मला म्हणाली. "तुमच्या आबांनी खोटी का होईना, गोष्ट सांगितली. आमचे वडील काहीच बोलले नाहीत. कुठे राबले, कोणी काय म्हटलं, पाठीवर वण कसला, काही नाही. विचारलं की म्हणायचे, 'तुला काय करायचंय, तू शीक.' आम्ही शिकलो. आता माझी नातवंडं विचारतात, तुमचे वडील कसे होते? मला सांगायला एक वाक्य नाही गं."

तिच्या त्या बोलण्याने माझा गुंता थोडा सुटला. आपल्या घरांतून तीन तऱ्हेचे बाप होऊन गेले. एक, ज्यांनी जसे घडले तसे सांगितले. दुसरे, ज्यांनी दुःखाला झालर लावून सांगितले. तिसरे, ज्यांनी ओठ शिवून घेतले. तिघांनीही आपापल्या परीने लेकरांना जपलेच. दिवसभर पोती वाहून रात्री घरी आलेल्या माणसाने पाच वर्षांच्या मुलीला काय सांगावे? तुझ्या बापाला माणूस समजत नाहीत, असे? ती त्या रात्री झोपली असती का? आबांनी मला हसत झोपवले, त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. अण्णांनी दिला तरी देणार नाही.

पण अण्णांचे दुखणेही आता मला कळते. आबांनी कपाची गोष्ट सांगितली, ही त्यांची चूक नव्हती. त्यांनी गोष्टीचा दुसरा भाग सांगितला नाही, ही चूक. पोरगे शाळेत जाऊ लागले, चार लोकांत वावरू लागले, तेव्हा त्याला जवळ घेऊन एकदा सांगायला हवे होते की बाळा, तो कप वेगळा का आहे ते आता ऐक. तो खिळा त्यांनी ठोकला आहे. लाज वाटायची ती त्यांना वाटू दे, तुला नको. एवढे सांगितले असते तर त्या वर्गात अण्णा ताठ मानेने उभे राहिले असते. गोष्ट लहान मुलाला अंथरुणासारखी असते. ऊब देते. पण ते अंथरूण पांघरून कोणी शाळेत जात नाही. मुलाला खरे जग सांगेल ते पहिल्यांदा घराने. घराने नाही सांगितले तर वर्ग सांगतो, रस्ता सांगतो, आणि ते हसून सांगतात.

'मोठा मासा' या चित्रपटाबद्दल माझे स्वतःचे मत विचाराल तर तेही असेच आहे. चित्रपट मनाला धरून ठेवतो. म्हाताऱ्या बापाला मुलगा उचलून नदीकडे नेतो, तिथे माझेही डोळे भरले. पण त्यात मुलालाच बापाकडे चालत जावे लागते. बाप मुलाकडे एक पाऊल टाकत नाही. मुलगा जन्मभर विचारतो, खरे सांगा. बाप म्हणतो, मी जसा आहे तसाच आहे. मुलाने बापाची गोष्ट शिकून घेतली हे चांगले झाले. बापाने मुलाचा प्रश्न ऐकून घेतला असता तर आणखी चांगले झाले असते.

माझी नात यंदा चौथीत आहे. अण्णांवर तो प्रसंग गुदरला तेव्हा ते जेवढे होते, तेवढीच. मी मनाशी ठरवले आणि एका रात्री तिला कपाची गोष्ट सांगितली. आबांच्या बोलीत, आबांच्याच थाटात. कप खिळ्यावर वाजला, बैलांनी चहा प्याला. पोर पोट धरून हसली. मग मी म्हटले, "आता दुसरा भाग ऐक." आणि जसे होते तसे सांगितले. आवाज न चढवता, रडू न येऊ देता.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "मग आजी, ते तिथे चहा प्यायला जायचेच कशाला? घरी येऊन प्यायचा ना."

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. पहाटेपासून ओझी वाहणाऱ्या माणसाला दुपारी चहाची तलफ येते, घर लांब असते, हे सांगितले. तिला ते पुरेसे वाटले नाही. मलाही वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगलीला फोन केला आणि सारे सांगितले. तेही थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आबांना चहा फार आवडायचा गं." आणि नंतर, "माझ्या वर्गातलं सांगितलंस का तिला?"

"नाही सांगितलं अण्णा. ती गोष्ट तुझी आहे. सुट्टीत तिला घेऊन येते, तूच सांग."

"बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.

वाचकहो, आपल्याही घरी असा एखादा कप खिळ्यावर टांगलेला असेल. कोणाच्या आजीने तो हसून सांगितला असेल, कोणाच्या वडिलांनी मुळीच सांगितला नसेल. ज्यांनी पाहिले ती माणसे आता थोडी राहिली आहेत. त्यांना जवळ बसवून विचारा. झालर लावून सांगतील तर लावू द्या, तोही त्यांचा हक्क आहे. पण नंतर हळूच दुसरा भागही विचारा. आणि आपल्या मुलांना सांगताना दोन्ही भाग सांगा. कोणता भाग कोणत्या वयात, ते आपले आपण ठरवावे. मात्र वर्गात कोणी सांगण्याआधी सांगावे.